जुन्या चित्रपटांची ‘एचडी’ डिस्क : स्वच्छ काय झाले आणि पुसले काय गेले?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी.

मागील महिन्यात मी एका जुन्या मराठी कृष्णधवल चित्रपटाची ब्ल्यू-रे डिस्क मागवली. वेष्टनावर ‘मूळ प्रिंटवरून पुनरुज्जीवित’ आणि ‘संपूर्ण एचडी’ असे दोन ठळक शिक्के आहेत. चित्रपटाचे आणि डिस्क काढणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याआधी आणखी दोन डिस्कच्या बाबतीत मला असाच अनुभव आलेला आहे. कोणा एकावर राग काढण्यापेक्षा हा प्रकार मुळात काय आहे ते मला समजून घ्यायचे आहे.

त्या चित्रपटात पहाटे जात्यावर दळणाऱ्या बाईचे एक दृश्य आहे. तिच्या डोक्याच्या वर कोनाड्यात पणती तेवत असते आणि ओवीच्या दुसऱ्या कडव्याला ती मान वर करून पणतीकडे पाहते. माझ्या आईला हे दृश्य इतके आवडे की टीव्हीवर तो चित्रपट लागला म्हणजे ती हातातले काम टाकून येत असे, त्यामुळे मला ते जवळपास पाठ आहे. नव्या डिस्कवर कोनाडाच नाही. पडद्याच्या वरच्या कडेने बाईचे कुंकू अर्धे कापलेले आहे, आणि जात्याचा खुंटा धरलेला हात खालून चौकटीबाहेर गेल्यामुळे ती विनाकारण डुलत बसली आहे असे वाटते.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. सगळे चेहरे मेणाचे झाले आहेत. लुगड्याचे विणकाम, भिंतीवरचे शेणाच्या सारवणाचे फराटे, म्हाताऱ्याच्या गालावरचे दाढीचे खुंट यांपैकी काहीही दिसत नाही. उलट माणूस हलला की त्याच्या मागची भिंतही थोडीशी सरकते.

तिसरी गोष्ट आवाजाची. मी गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. या चित्रपटातील एक गाणे रेडिओबरोबर मी लहानपणापासून काळी दोनमध्ये वाजवत आलो आहे. घरी याच चित्रपटाची जी जुनी डीव्हीडी आहे, तिच्यावर तेच गाणे काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कोठेतरी अडकते आणि कोणत्याच पट्टीत बसत नाही. नव्या डिस्कवर पट्टी बरोबर आली आहे, परंतु गायिका तोंडावर घोंगडी घेऊन गात असावी असे ऐकू येते.

दोष चित्रपटाचा आहे, डिस्कचा आहे की माझ्या टीव्हीचा, हे कोणी जाणकार सांगू शकेल काय?

रीळघर (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ, आपले निरीक्षण इतके नेमके आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी मुंबईतील एका फिल्म प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आणि शेवटची काही वर्षे संगणकावर जुने चित्रपट साफ करण्यात घालवली. आता निवृत्त होऊन गावी परत आलो आहे.

आधी टीव्ही तपासा. दुकानातून येणाऱ्या टीव्हीमध्ये ‘शार्पनेस’, ‘नॉइज रिडक्शन’ आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय, ही तिन्ही चालू असतात. ती बंद करा, चित्राचा आकार ‘झूम’वर नाही ना तेही पाहा, आणि मग डिस्क पुन्हा लावा. त्यानंतरही कोनाडा दिसला नाही, तर दोष डिस्क तयार करणाऱ्याचा.

कोनाडा का गेला ते सांगतो. बोलपटांच्या काळातली नेहमीची चौकट जवळपास चौरस असे, म्हणजे उंची १ धरली तर रुंदी १.३७. आजच्या टीव्हीची चौकट १.७८ आहे. तो जुना चौकोन या लांबट पडद्यावर पूर्ण दाखवायचा तर डावीकडे आणि उजवीकडे काळे पट्टे सोडावे लागतात. गिऱ्हाईक ‘पडदा भरत नाही’ अशी तक्रार करते, म्हणून काही कंपन्या चित्र रुंदीला ताणून बसवतात आणि वरखाली कापतात. हिशेब केला तर उंचीचा जवळपास चौथा हिस्सा जातो. छायालेखकाने पणती, कपाळ आणि जाते या तिघांची जी मांडणी केली होती, तिच्यातली पणती आणि जाते दोन्ही त्या चौथ्या हिश्श्यात गेली.

मेणाच्या चेहऱ्याचे कारण वेगळे आहे. कृष्णधवल फिल्मवरचे चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते. या कणांच्या ‘वर’ किंवा ‘खाली’ दुसरे कोणते स्वच्छ चित्र लपलेले नसते, कण हेच चित्र. फिल्मवरच्या प्रत्येक चौकटीत, म्हणजे एकेका स्थिर चित्रात, ते निरनिराळ्या जागी पडतात, त्यामुळे पडदा किंचित जिवंत, वळवळता दिसतो. संगणकातील सॉफ्टवेअर शेजारच्या चौकटींची तुलना करून जे जुळत नाही त्याला कचरा समजते आणि पुसते. ते जोरात चालवले की कणांबरोबर लुगड्याचे विणकामही जाते, आणि जे थोडे उरते ते हालचालीच्या मागे फरफटत जाते. आपल्याला सरकणारी भिंत दिसली ती हीच.

हे करण्यामागे पैशाचा हिशेब असतो. असे कणांचे, म्हणजे दाणेदार चित्र दाबून लहान करणे अवघड असते. ब्ल्यू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते, तर इंटरनेटवरून येणारे एचडी चित्र साधारण ५ मेगाबिटमध्ये उरकले जाते. बऱ्याच वेळा कंपनी इंटरनेटसाठी एकच गुळगुळीत प्रत तयार करून घेते आणि तीच डिस्कवर चढवते. ५० गीगाबाइटच्या डिस्कवर मग अर्धी जागा रिकामी राहते आणि वर ‘संपूर्ण एचडी’ असा शिक्का बसतो.

पेटीचा प्रश्न मला फार आवडला. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ चौकटी असतात, म्हणून चित्रपट सरळ थोडा पळवला जातो. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो (याचमुळे ‘सहा मिनिटे कापली’ अशी ओरड अनेकदा विनाकारण होते) आणि सूर सुमारे चार टक्क्यांनी चढतात. ते पूर्ण एका पट्टीने चढत नाहीत, त्याहून थोडे कमी चढतात; त्यामुळे आपली पेटी अडली. ब्ल्यू-रेवर २४ चौकटींचा मूळ वेग ठेवता येतो, म्हणून पट्टी जागेवर आली.

घोंगडी मात्र माणसाने घातलेली आहे. जुन्या प्रिंटच्या ध्वनिपट्टीत खरखर असते आणि ती वरच्या स्वरपट्ट्यांत असते. त्याच ठिकाणी गायिकेचे ‘स’, ‘श’, श्वास आणि तबल्याच्या चाटेचा टणकपणाही असतो. खरखर पूर्ण मारायची ठरवली की हे सगळे तिच्याबरोबर जाते.

ऑपरेटरचा मुलगा (परभणी)

रीळघर यांचा प्रतिसाद मी आमच्या अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. अण्णांनी आधी जत्रांमधील टुरिंग टॉकीजच्या तंबूत आणि नंतर शहरातील थिएटरात मशीन चालवले. त्यांचे म्हणणे असे की ‘मूळ प्रिंट’ हा शब्द वाचून कोणीही हुरळून जाऊ नये, कारण प्रिंट म्हणजे काय ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेपर्यंत प्रिंट येई तोवर तिने कित्येक गावांचे पाणी प्यालेले असे. रीळ तुटले की अण्णा ब्लेडने टोक खरवडून, फिल्म चिकटवण्याचे सिमेंट लावून, दाबून सांधा करत. त्यात दर वेळी दोन-चार चौकटी जात. एक फूट फिल्ममध्ये १६ चौकटी असतात, त्यामुळे चार चौकटी गेल्या तर प्रेक्षकाला कळतही नाही. परंतु वीस गावांत वीस वेळा तुटलेल्या ठिकाणी नायक दारातून आत येण्याऐवजी एकदम खाटेवर बसलेला दिसू लागतो.

अण्णांनी एक गंमत सांगितली, ती मला माहीत नव्हती. सांध्यावर चित्र आधी उडी मारते आणि आवाजाचा ‘टक’ जवळपास सेकंदाने नंतर येतो. मशीनमध्ये फिल्म आधी भिंगासमोरून जाते आणि मग खाली ध्वनीच्या ड्रमवर येते, म्हणून त्या चित्राचा आवाज फिल्मवर सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असतो. याचा अर्थ एका जागी फिल्म तुटली की चित्र एका क्षणाचे जाते आणि आवाज दुसऱ्याच क्षणाचा जातो.

रीळघर यांना माझा एक प्रश्न आहे. रीळ संपत आले की उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई, आणि थोड्या वेळाने दुसरा. पहिल्याला दुसरे मशीन सुरू करायचे आणि दुसऱ्याला पडदा त्याच्यावर सोपवायचा. तंबूत अण्णांकडे एकच मशीन होते, त्यामुळे तिथे ठिपका म्हणजे दिवा लावण्याची आणि शेंगदाणेवाल्याला आत सोडण्याची खूण. नव्या डिस्कवर हे ठिपके पुसतात काय? अण्णांना ते पुसलेले आवडणार नाहीत.

रीळघर

अण्णांना माझा नमस्कार सांगा. ठिपके बहुधा पुसले जातात आणि मीही ते पुष्कळ पुसले आहेत. पण ग्राहकासाठी ते उपयोगाचे आहेत. डिस्कवर दर १०-११ मिनिटांनी किंवा २० मिनिटांनी कोपऱ्यात ठिपका दिसला, तर ती नकल निगेटिव्हवरून (कॅमेऱ्यात चित्रित झालेल्या मूळ फिल्मवरून) न घेता थिएटरात फिरलेल्या प्रिंटवरून घेतली आहे असा तर्क करायला हरकत नाही.

बालाघाट (अंबाजोगाई)

मला आपल्या सर्वांच्या विरुद्ध बोलायचे आहे, राग मानू नये.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. जुना चित्रपट लावला की त्या विचारतात, ‘यात सारखा पाऊस का पडतोय गं?’ तो पाऊस म्हणजे फिल्मवरचे उभे ओरखडे. इतका पाऊस तर आमच्या बीड जिल्ह्यात वर्षभरात पडत नाही. मग कोणी तो चित्रपट धुऊन पुसून दिला, तर चांदीचे कण गेले म्हणून गळा काढणारे आपण कोण? सासूबाईंना गोष्ट समजते, गाणी ऐकू येतात, त्या खूश होतात.

‘मुगल-ए-आझम’ २००४ साली रंगीत होऊन आला तेव्हा माझ्या मुलांनी तो शेवटपर्यंत बसून पाहिला. कृष्णधवल असता तर दहाव्या मिनिटाला उठली असती. जपून ठेवायचे ते अभिलेखागाराने ठेवावे. घरी पाहणाऱ्याला सुबक, सरळ चित्र मिळावे. यात काय चुकले?

रीळघर

बालाघाट ताई, आपला मुद्दा रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येणार नाही.

सासूबाईंचा पाऊस घालवलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. ओरखडा छायालेखकाने काढलेला नाही. तो नंतर मशीनमध्ये, गुंडाळताना, धुळीने पडला आहे. दाणा मात्र चित्रीकरणाच्या क्षणापासून तेथे आहे. भांडण फक्त इतकेच आहे की ओरखडा काढताना दाण्याला हात लावू नये. हे अवघड आहे, आणि कृष्णधवल चित्रपटात तर दुप्पट अवघड. रंगीत फिल्म स्कॅन करताना अवरक्त किरणांनी धूळ वेगळी ओळखता येते, कारण रंगद्रव्यातून ते किरण आरपार जातात आणि धुळीवर अडतात. कृष्णधवल फिल्ममधली चांदी स्वतःच त्या किरणांना अडवते, त्यामुळे यंत्राला चित्र आणि धूळ सारखीच दिसतात. काही ओरखडे स्कॅन करतानाच फिल्म एका द्रवात बुडवून भरून काढता येतात. तो द्रव ओरखड्यात शिरतो आणि प्रकाश तेथे वाकत नाही. उरलेले काम माणसाच्या डोळ्याचे. अडीच तासांच्या चित्रपटात २ लाख १६ हजार चौकटी असतात, आणि एकेका चौकटीची ४के (साधारण चार हजार ठिपके रुंद) स्कॅनची फाइल साधारण ५० मेगाबाइटची, म्हणजे संपूर्ण चित्रपटाला सुमारे ११ टेराबाइट जागा लागते. हे सगळे माणसांकडून करवण्याचा खर्च वाचवण्यासाठी सॉफ्टवेअर स्वयंचलित ठेवून लोक घरी जातात.

मीही गेलो होतो. एका चित्रपटात खंडोबाच्या जत्रेचे दृश्य होते आणि पालखीवर भंडारा उधळला जात होता. सॉफ्टवेअरचा नियम असा की जो ठिपका एकाच चौकटीत दिसतो आणि मागच्या-पुढच्या चौकटीत नसतो, तो कचरा. मी ते रात्रभर चालत ठेवले. सकाळी येऊन पाहिले तर लोक हात वर करून मुठी उघडत होते आणि मुठीतून काहीही पडत नव्हते. एका बाईच्या नथीतला मोतीसुद्धा मान वळवताना चमकला म्हणून गेला होता. मूळ स्कॅन बाजूला ठेवलेले होते म्हणून आठवडाभर बसून भंडारा परत आणता आला. ते नसते तर तो कायमचा गेला असता.

‘ठेवायचे ते अभिलेखागाराने ठेवावे’ हे आपण म्हणता ते खरेच आहे, फक्त कंपन्या तेवढे करत नाहीत. आपल्या दाराशीच याचा दाखला आहे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी नावाचे तज्ज्ञ आणले. सुटत चाललेला रंग त्यांनी भिंतीला धरवून ठेवला, हे त्यांचे ऋण आहे. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगण चढवले. त्या वेळी चित्रे उजळ दिसली असतील. पुढे रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि ते उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या माणसांना अनेक वर्षे पुरले. चेक्कोनी यांचा हेतू वाईट नव्हता. गुळगुळीत डिस्क काढणाऱ्याचाही नसतो.

रंगीत आवृत्तीला माझा विरोध नाही, मात्र तिच्याच बरोबर कृष्णधवल आवृत्ती तितक्याच चांगल्या दर्जाची मिळाली पाहिजे. ‘मुगल-ए-आझम’मध्ये काही भाग मुळातच रंगीत होते, त्यामुळे तेथे कोठे काय होते हे पाहणाऱ्याला समजणे जास्तच गरजेचे आहे.

गोदाकाठ

रीळघर यांच्या सांगण्याप्रमाणे टीव्हीतील तिन्ही गोष्टी बंद केल्या. भिंत सरकणे बरेच कमी झाले, म्हणजे माझा टीव्हीही काही अंशी दोषी होता. चेहरे मेणाचेच राहिले आणि कोनाडा काही आला नाही. कोपऱ्यातील ठिपका मात्र सापडला, पाच वेळा. एका ठिकाणी अर्धवट पुसलेला आहे आणि तेथे आभाळाला डाग पडल्यासारखे दिसते.

एक शंका आहे. निगेटिव्हवरून केलेले काम चांगले, हे समजले. मग सगळेच निगेटिव्हवरून का करत नाहीत?

रीळघर

कारण बहुतेक वेळा ती नसते, किंवा असून नसल्यासारखी असते. नियमाने मूळ निगेटिव्हवरून एक मास्टर पॉझिटिव्ह, म्हणजे सुलटी प्रत, काढायची, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह बनवायची आणि थिएटरच्या प्रिंट या दुसरीवरून छापायच्या. आपल्याकडे पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी पुष्कळदा मूळ निगेटिव्हवरूनच प्रिंट छापत राहिले. याचा उलटा परिणाम असा की जो चित्रपट जास्त चालला, त्याची निगेटिव्ह जास्त झिजली. आठवड्यात पडलेल्या चित्रपटाची निगेटिव्ह डब्यातून बाहेर काढली की कोरी करकरीत निघते.

म्हणून चांगले काम करणारे लोक एका स्रोतावर विसंबत नाहीत. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून बनलेला ‘मंथन’ १९७६ सालचा. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो पुन्हा उभा केला आणि २०२४ साली फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवला. त्याचे चित्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील मूळ निगेटिव्हवरून घेतले, आवाज मात्र दुसरीकडे जपलेल्या एका प्रिंटवरून. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. करपून वाळलेली ती फिल्म इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत रसायनांनी मऊ करून, कडेची भोके हाताने दुरुस्त करून, जेवढी वाचली तेवढी स्कॅन केली आणि उरलेले भाग इतर प्रतींवरून भरले. त्याची ब्ल्यू-रे कोणाकडे मिळाली तर अवश्य पाहा. चेहऱ्यावरचा घाम घामासारखा दिसतो.

आणखी एक व्यवहारी कारण आहे. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तो संपला की कोणीही डिस्क काढू शकतो, त्यामुळे लाखो रुपये घालून एकाने साफ केलेली प्रत दुसरा सहज उचलतो. मग पैसे घालायचे कोणी?

ऑपरेटरचा मुलगा

आमच्या घरी ‘शोले’वरून वाद चालू आहे. २०२५ च्या जून महिन्यात बोलोन्याच्या महोत्सवात त्याची पुनरुज्जीवित, न कापलेली आवृत्ती दाखवली गेली. १९७५ साली सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट तीत मूळ रूपात आहे, म्हणजे ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली करत नाही. अण्णा म्हणतात, ‘मी शेकडो खेळ लावले, माझ्या प्रत्येक खेळात पोलीस आले. माझा शोले तोच.’ दुसरे असे की अण्णांच्या आठवणीत शोलेचे डोंगर गुलाबी आहेत, आणि नव्या आवृत्तीच्या झलकीत ते करड्या-तपकिरी रंगाचे दिसले म्हणून ते नाराज आहेत.

रीळघर

गुलाबी डोंगरांबाबत अण्णांची आठवण खरी आहे, पण ती प्रिंटची आठवण आहे. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असत आणि त्यांतला निळसर-हिरवा थर सर्वांत आधी उडे. तो गेला की उरलेले चित्र लालसर, गुलाबी होते. आपल्याकडे प्रिंट मुंबईहून फिरत फिरत उशिरा येई आणि पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे काढे, त्यामुळे मराठवाड्यातील एका पिढीने अर्धे हिंदी चित्रपट गुलाबीच पाहिले आहेत. चित्रीकरण झाले त्या कर्नाटकातील रामनगरचे खडक मुळात करडेच.

शेवटाबाबत मी अण्णांच्या बाजूने अर्धा आहे. दिग्दर्शकाने चित्रित केलेला शेवट मिळालाच पाहिजे. परंतु लोकांनी पन्नास वर्षे जो शेवट पाहिला तोही इतिहास आहे. एका डिस्कवर दोन्ही शेवट ठेवण्याइतकी जागा असते, आणि ब्ल्यू-रेचा खरा फायदा मला यातच दिसतो.

मांजरातीर (लातूर)

हा धागा वाचूनच मी येथे नोंदणी केली. आमच्या आजोबांनी औसा तालुक्यातील गावात काही वर्षे टुरिंग टॉकीज चालवली होती. मागील आठवड्यात जुन्या वाड्याचे माळवद उतरवताना पत्र्याची एक पेटी निघाली. तिच्यात पत्र्याचे सात गोल डबे आहेत, दोन गंजून चिकटले आहेत. एक उघडला तर शिरक्यासारखा इतका आंबट वास आला की डोळ्यांतून पाणी आले. आतील फिल्मच्या कडा लाटेसारख्या वाकल्या आहेत. मुलगा म्हणतो, उन्हात ठेवून वास घालवू आणि मग मोबाइलने फोटो काढू. काय करावे?

रीळघर

उन्हात मुळीच ठेवू नका. हे आजच वाचा.

आंबट वास म्हणजे फिल्मचा पाया विरतो आहे आणि त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आहे. हे आम्लच पुढची झीज वाढवते आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागते, म्हणून वासाचे डबे बाकीच्यांपासून वेगळे करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. घरातील सर्वांत थंड, कोरड्या आणि हवेशीर खोलीत आडवे ठेवा. माळवदाखाली तर मुळीच नको. रीळ उलगडू नका, कारण आकसलेली फिल्म ओढली की भोके फाटतात आणि फाटलेली भोके हाताने सांधण्यातच पुढचे महिने जातात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फिल्मच्या कडेला इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. ‘सेफ्टी’ असे वाचता आले तर ती ॲसिटेटची, म्हणजे सहज न भडकणारी, असण्याची शक्यता मोठी, आणि आपला आंबट वासही तेच सांगतो. ‘नायट्रेट’ असे दिसले, किंवा फिल्म चिकट, मधासारखी पाझरणारी अथवा तपकिरी भुकटी झालेली असली, तर तो डबा घराबाहेर सावलीत ठेवा, जवळ विडी-काडी नको आणि पेटवून पाहण्याचा विचारही नको. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अशी फिल्म वापरात होती. ती पेटली की पाण्यातही जळत राहते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत अशाच नायट्रेट फिल्म मोठ्या प्रमाणावर गेल्या.

मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहा, डब्यांवर जे काही लिहिले असेल ते जसेच्या तसे उतरवून. रीळ आपल्या मालकीचे आहे म्हणून चित्रपटाचे हक्क आपले होत नाहीत, हे ध्यानात ठेवा. परंतु ती प्रत कोठेच नसलेली निघाली तर तिचे मोल हक्कांहून मोठे आहे.

मांजरातीर

आपण सांगितल्याप्रमाणे केले. सातांपैकी पाच डबे तीन खोल्यांत विभागून ठेवले आणि आंबट वासाचे दोन डबे ओसरीवर सावलीत आहेत. कडेला ‘सेफ्टी’ असे स्पष्ट वाचता आले, हे आधी सांगतो म्हणजे सर्वांचा जीव भांड्यात पडेल.

तीन डब्यांवर खडूने गावांची नावे आणि तारखा आहेत, एकावर ‘इंटरव्हलनंतर’ एवढेच. चित्रपटाचे नाव कोणत्याच डब्यावर नाही. सर्वांत चांगल्या स्थितीतील रिळाचे मोकळे टोक फक्त वीतभर खिडकीसमोर धरले. बारा-तेरा चौकटी दिसल्या. एक माणूस बैलगाडीवरून उतरतो आहे, मागे वडाचे झाड आहे, आणि वरपासून खालपर्यंत सगळे जागेवर आहे, झाडाच्या शेंड्यापासून बैलाच्या खुरांपर्यंत. डाव्या कडेला वाकडी-तिकडी पांढरी रेघ आहे, ती बहुधा आवाजाची. चौथ्या आणि पाचव्या चौकटीच्या मध्ये सिमेंटचा पिवळट सांधा आहे.

ऑपरेटरचा मुलगा

अण्णांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. सांधा तिरपा आहे की सरळ, आणि त्याच्या शेजारी ब्लेडने पाडलेली बारीक खाच आहे काय, एवढेच त्यांनी तीनदा विचारले. त्यांच्या ओळखीचे दोघे-तिघे औशाकडच्या तंबूंत मशीनवर होते आणि प्रत्येकाची सांधा करण्याची पद्धत निराळी होती, असे ते म्हणतात. मांजरातीर यांची हरकत नसेल तर रविवारी सकाळच्या गाडीने मी त्यांना घेऊन लातूरला येतो. भिंग त्यांच्याकडे आहे. तोपर्यंत चिकटलेले दोन डबे कोणीही ठोकून उघडू नयेत, असा त्यांचा निरोप आहे.